वाढत्या अंगाचा स्टोव्ह

प्रल्हाद वैरागडेला तुम्ही पहिल्यांदा बघाल तर तुम्हाला वाटेल, हा माणूस मोठ्या आजारातून उठलाय आणि घाईत कुणा दुसऱ्याचे कपडे घालून आलाय. शर्टाचे खांदे कोपराकडे निघालेले, पँट नुसत्या पट्ट्याच्या जिवावर. आजार-बिजार काही नाही हो, चांगला खणखणीत आहे. फक्त त्याचा आयुष्यभराचा एक नियम आहे: कुठलीही वस्तू घ्यायची ती एक साईझ मोठी. नागपूरला लहानपणी त्याची आई कापड दुकानात म्हणायची, "वाढत्या अंगाचं दाखवा हो, भाऊ." तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच आया म्हणायच्या. पाचवीत घेतलेली चड्डी आठवीपर्यंत पुरली पाहिजे. बुटाच्या टोकात कापूस कोंबायचा आणि पाय वाढला की थोडा थोडा काढायचा. आपण मोठे झालो आणि ते सोडून दिलं. प्रल्हाद साठी ओलांडून बसलाय, डोक्यावरचे केस गेलेत, तरी त्याचं अंग आपलं वाढतंच आहे.

मी सुलेखा. माझं तोंड जरा फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. ओहायोतल्या डब्लिनमध्ये वैरागडे आणि आम्ही शेजारी शेजारी राहिलो. त्यांची हिमानी आणि ऋषी माझ्या स्वयंपाकघरात वाढले म्हटलं तरी चालेल. त्यामुळे प्रल्हादबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी बजावणार.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाची ऑर्डर एकदा प्रल्हादकडे दिली होती. अंदाज दीडशे माणसांचा. यानं सांगितलं तीनशेचं. "कमी पडलं तर किती लाज वाटेल, यार!" दसऱ्यापर्यंत अख्ख्या डब्लिनच्या फ्रीजमध्ये श्रीखंड होतं. हिमानीला घेतलेल्या पहिल्या सायकलवर तिचे पाय पेडलला टेकायला दोन उन्हाळे जावे लागले. अहो, लग्नातली अंगठीसुद्धा मोठी! तिला आतून दोरा गुंडाळून इतकी वर्षं घालतोय. सोनाराकडून लहान करून घे म्हटलं तर म्हणतो, "म्हातारपणी बोटं सुजतात."

तर असा हा प्रल्हाद इन्शुरन्स कंपनीच्या आयटीमधून रिटायर झाला आणि त्यानं डब्लिनचं घर विकून गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, शंभरावर वर्षं जुनं विटांचं फार्महाऊस घेतलं. पाच बेडरूमचं. राहणारी माणसं दोन. मी कपाळाला हात लावला. पण त्याचं बोलणं ऐकलं आणि गप्प बसले. नागपूरला ते दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. पाहुणे आले की याची वळकटी शेजाऱ्यांच्या पडवीत. "माझ्या घरी आलेल्या कुणालाही झोपायला दुसरीकडे जावं लागणार नाही," असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं म्हणे. आयुष्यभर बायकोला, मुलांना, मंडळाला काय हवं ते बघणाऱ्या माणसानं पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. नाही कसं म्हणणार?

त्याची बायको मीनाक्षी मात्र म्हणाली. म्हणजे सरळ 'नाही' म्हणाली नाही, पण अट घातली. मीनाक्षी गिरगावातली. तिला सप्टेंबरमध्येच मोजे लागतात, आणि सिनेमाला जाताना ती शाल नेते. तिनं त्या घराच्या खिडक्या बघितल्या, फटीतून येणारा वारा हातानं चाचपला आणि माझ्या देखत त्याला म्हणाली, "एक हिवाळा. एक हिवाळा राहून बघते. गुढीपाडव्याला सांगेन. मला या घरात थंडी वाजली, तर दारात 'विकणे'ची पाटी लावायची, आणि मी म्हणेन तिथं फ्लॅट, काँडो घ्यायचा. मग वाद घालायचा नाही, तोंड पाडायचं नाही."

"डन," प्रल्हाद म्हणाला. आणि लगेच विचारात पडला. अख्खं घर तिच्या अंगावरच्या काट्यावर टांगलं होतं ना!

घरात फर्नेस होतं, नव्हतं असं नाही. पण ते एकीकडून गरम हवा फुंकायचं आणि खिडक्या ती दुसरीकडून शेतात सोडून यायच्या. दिवाणखान्यात मोठं विटांचं धुराडं होतं, तिथं पूर्वी कुणाचा तरी लाकडाचा स्टोव्ह असावा. तेव्हा उन्हाळा लागतानाच वुड स्टोव्ह घ्यायचा असं ठरलं. ज्यात लाकडं जाळायची, दार काचेचं, आतली आग दिसते, आणि लोखंडाचा अख्खा डबा तापून खोली गरम करतो, तो. प्रल्हाद माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, घेऊन दुकानात गेला. तिथं काय झालं ते श्रीरंगनं घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना तो अजिबात हसत नव्हता, हे विशेष.

दुकानदार म्हातारा होता, खांद्यावर पँटचे पट्टे लावलेला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही बसता कुठल्या खोलीत?"

"घर अठ्ठावीसशे स्क्वेअर फुटांचं आहे," प्रल्हाद म्हणाला.

"ते झालं. पण बसता कुठं?"

"सगळीकडे," प्रल्हाद म्हणाला.

दुकानदारानं त्याला एक लहान आणि एक मध्यम स्टोव्ह दाखवला. म्हणाला, जुन्या घरात खोल्यांना दारं असतात, भिंती जाड असतात, एका स्टोव्हची ऊब सगळीकडे जात नाही. ज्या खोलीत राहता तेवढीच बघा, आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, आणि लहान स्टोव्ह घेऊन तो चांगला धडधडता ठेवा. आता इथं कुणीही माणूस ऐकेल. पण आपला माणूस! प्रल्हादनं श्रीरंगला बाजूला घेतलं आणि मराठीत म्हणाला, "जो दुकानदार आपणहून स्वस्तातलं दाखवतो ना, त्याच्या मनात काहीतरी असतं. मोठा एकच उरला असेल, जावयासाठी ठेवला असेल."

मग त्यानं श्रीरंगला शास्त्र सांगितलं. "सर्व्हर कधी अ‍ॅव्हरेज लोडवर साईझ करतात का? पीक लोडवर करतात, सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवसावर. दिवाळीला हिमानी येणार, ऋषी येणार, त्यांची मंडळी, तुम्ही दोघं. त्या दिवशी कमी पडला तर? आणि मोठा घेतला की कमी आचेवर चालवता येतो. लहान घेतला तर त्याला मोठा कसा करणार, सांग."

श्रीरंगला हे पटलं. तोही आयटीतलाच. दोघेही एका माळेचे मणी! तर दुकानातला सगळ्यात मोठा स्टोव्ह आला. धुराड्यात आतून स्टीलचा नवा पाईप घातला, खाली दगडी फरशी बसवली, काउंटीचा इन्स्पेक्टर येऊन बघून गेला, सगळं रीतसर. स्टोव्ह आत आणताना चार गडी घामाघूम झाले. मीनाक्षी दारात उभी राहून बघत होती.

"हा स्टोव्ह आहे की बंब?" ती म्हणाली.

"मोठा आहे थोडा," प्रल्हाद म्हणाला.

"थोडा? अरे, यात माझी आंघोळ होईल!"

तेव्हापासून त्याचं नाव बंबच पडलं.

थंडी पडल्यावर पहिल्यांदा बंब पेटवला तेव्हा मात्र काय मजा आली! बाहेर बोचरा वारा, आत लाल आग, मीनाक्षीनं शाल काढून ठेवली, मग स्वेटर काढला. प्रल्हाद माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. "बघ सुलेखा, बघ. स्वेटर काढला तिनं." जणू हिमानी पुन्हा पहिल्यांदा चालली. हिमानी तिकडं पश्चिम किनाऱ्याला, बेलव्ह्यूत राहते, तिला व्हिडिओ कॉल लावून आग दाखवली. "नाइस, बाबा! इट्स ह्यूज!" ती म्हणाली. प्रल्हादनं ते कौतुक म्हणून घेतलं.

पंधरवडा गेला आणि रंग दिसायला लागले. बंब नीट पेटला की दिवाणखान्यात नागपूरचा मे महिना. मीनाक्षी सुती गाऊन घालून, हातात मासिकाचा पंखा करून बसायची, आणि मग तेही सोसेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन मागचं दार उघडं टाकून बसायची. वरच्या बेडरूममध्ये मात्र हिमालय, पण खाली भाजून निघालेल्या मीनाक्षीला रात्री तो गारवा बराच वाटायचा. ऊब जिन्यापर्यंत जायची आणि तिथंच थबकायची, जुन्या घराच्या भिंती तिला पुढं जाऊच देत नव्हत्या. प्रल्हाद एकटा बंबाशेजारी, कपाळ पुसत, त्याची राखण करत. आणि उकडतं म्हणून त्यानं काय करावं? हवेची झडप ओढून बंद. म्हणजे आग गुदमरायची, लाकूड नुसतं धुमसायचं, काचेवर काळाकुट्ट थर. ज्या आगीसाठी एवढं केलं ती दिसायचीच बंद झाली.

"पण थंडी नाही ना वाजत?" तो मीनाक्षीला दिवसातून दहादा विचारायचा.

"नाही बाबा, थंडी नाही वाजत," ती घाम पुसत म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. अटीत उकाड्याचं कलम नव्हतं.

मग आली संक्रांत. मीनाक्षीनं हळदीकुंकू ठेवलं, नव्या घरातलं पहिलं. डब्लिनहून आम्ही सगळ्या बायका गाड्या भरून गेलो. संक्रांतीला काळं नेसायचं, ते का? तर काळं ऊब धरतं म्हणून. आम्ही सगळ्या काळ्या पैठण्या, काळी इरकल, आत थर्मल. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि प्रल्हादनं, एवढ्या बायका येणार म्हणून, आज पीक लोड आहे म्हणून, बंब सकाळपासून ठासून भरलेला!

आत पाऊल टाकलं आणि अंगावर गरम वाफच आली. अर्ध्या तासात आमच्या कपाळावरचं कुंकू नाकावर उतरलं. तिळाच्या वड्या ताटात पसरून एक वडी झाली. रुचा नावाची नवी नवरी होती, ती हळूच मला म्हणाली, "मावशी, मला वाटतं मी आत्ता फेंट होणार." आणि अशात मीनाक्षीनं वाण वाटायला काढलं. तिनं बिचारीनं शरद ऋतूतच आणून ठेवलं होतं: लोकरीचे जाड मोजे. काय बोलणार! "अगं बाई, छान आहेत हं," असं म्हणत जी ती ते मोजे दोन बोटांत धरून बसली.

आतल्या खोलीत बसलेल्या प्रल्हादच्या कानावर आमचं "उकडतंय गं" पोचलं. तो धावत आला, झडप पूर्ण बंद केली, आणि आग विझली का बघायला बंबाचं दार उघडलं. धुमसत्या लाकडांचा सगळा धूर भसकन बाहेर. स्मोक अलार्म बोंबलायला लागले, खालचा, वरचा, तळघरातला, सगळे एका सुरात. आम्ही खोकत, पदर नाकाला लावून बाहेर पळालो. बुटांच्या ढिगात कुणाला कुणाचे बूट सापडेनात, म्हणून वाणाचे मोजेच पायात चढवले. डोळ्यांपुढं आणा जरा. काळ्या पैठण्या, कपाळभर ओघळलेलं कुंकू, पायात नवेकोरे लोकरीचे मोजे, आणि आम्ही सगळ्या पोर्चवर ओळीनं बर्फाकडे बघत उभ्या. रस्त्यानं एक पिकअप चालला होता, तो थांबला. "यू लेडीज ओके?" त्यानं ओरडून विचारलं. मी म्हटलं, "येस, येस, इट्स अ फेस्टिव्हल!"

"मीनाक्षी," मी म्हटलं, "या बंबासाठी आता दुसरा बंब बोलवावा लागेल, आगीचा." ती हसायला लागली. आधी एकटी, मग सगळ्याच. रुचा तर हसता हसता पायरीवर बसली. संक्रांतीला जितकं गोड कधी बोललो नसू, तितक्या आम्ही त्या दिवशी हसलो. फक्त प्रल्हाद हसला नाही. तो दारात उभा होता, हातात लाकडं ढोसायची सळई, चेहरा राखेनं माखलेला, आणि डोळे मीनाक्षीवर.

दोन दिवसांनी धुराडं साफ करणारी बाई आली. तिनं पाईपात ब्रश फिरवला आणि खाली बादली दाखवली. डांबरासारखी चिकट काजळी. म्हणाली, मोठा स्टोव्ह सतत दाबून चालवला की धूर पाईपात जमतो आणि हे तयार होतं. आणि एक दिवस हेच पेट घेतं. प्रल्हादनं विचारलं, मग काय करायचं? तिनं सांगितलं, स्टोव्ह मोठा तर आगही मोठी ठेवायची. म्हणजे खोलीचा मे महिना कायमचा. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

त्या दिवशी दुपारी मी तिथंच होते. बंब विझलेला. मीनाक्षीनं चहा केला. प्रल्हादनं बशी बाजूला सारली आणि तो म्हणाला, "विकून टाकू घर. पाडव्याची वाट कशाला बघायची? हरलो मी."

"हरलास कसा?" मीनाक्षी म्हणाली. "मला थंडी कुठं वाजली? अटीप्रमाणे जिंकलास तू."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. एक विचारू? कुणासाठी घेतलास रे एवढा मोठा?"

मला वाटलं, आता पीक लोड निघणार. पण तो म्हणाला, "दिवाळीलाही कुणी आलं नाही. हिमानीला सुट्ट्या मिळत नाहीत. ऋषीच्या बायकोला जुन्या घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी. मला कळतं गं सगळं. पण कधी आलेच, आणि घर गार असलं, तर एकदा येतील आणि पुन्हा येणार नाहीत. म्हणून मोठा घेतला. घरसुद्धा म्हणूनच मोठं घेतलं."

मीनाक्षी उठली, त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. तिनं त्याच्या त्या ढगळ शर्टाचे खांदे दोन्ही हातांनी वर ओढून जागेवर बसवले. "प्रल्हाद," ती म्हणाली, "आपलं अंग वाढायचं थांबलं रे. केव्हाच थांबलं. मुलांचंही थांबलं. ती येतील तेव्हा येतील, आणि गार वाटलं तर स्वेटर घालतील. तू रोज त्यांच्या मापाची आग कशाला लावतोस?"

मला रडू आवरेना. आणि लोकांसमोर रडायला मला मुळीच आवडत नाही, म्हणून मी उठून धुतलेल्याच कपबश्या पुन्हा धुतल्या.

पुढच्या आठवड्यात स्टोव्ह घ्यायला मीनाक्षी गेली. प्रल्हादला नेलं नाही, मला नेलं. ती दुकानात शिरली ती थेट म्हाताऱ्यापुढं जाऊन म्हणाली, "दोन माणसं. एक खोली. पाठ शेकली पाहिजे, घाम नको." म्हातारा इतका खूष झाला की त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. मग ती एकेका स्टोव्हच्या पोटात वाकून बघायला लागली. किती लाकडं मावतात, किती वेळानं घालावी लागतात, झडप उघडी ठेवून चालवला तर खोली किती तापेल. मला मराठीत म्हणाली, "सुलेखा, दोन माणसांच्या फोडणीला लग्नाची कढई घेतली की तेल तळाला पसरतं आणि मोहरी करपते. एवढं त्याला कधी कळलं नाही." तिनं निवडला तो स्टोव्ह आपल्या देव्हाऱ्याएवढा. मलाच धाकधूक वाटली. म्हटलं, "अगं, जरा मोठा बघायचा का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. लागण होते हो या रोगाची!

बंब गेला एका ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याची शेड कोठारासारखी अवाढव्य, दारं दिवसभर उघडी. तिथं तो शोभून दिसला. आणि स्टोव्ह बसवण्याआधी मीनाक्षीनं प्रल्हादला हुकूम सोडला: आधी फटी. त्यानं दिवाणखान्याच्या एकेक खिडकीच्या फटी बुजवल्या, दारांच्या खाली पट्ट्या लावल्या. जिन्याच्या तोंडाशी तिनं जाड गोधडीचा पडदा टांगला, वरच्या रिकाम्या बेडरूमची दारं लावून घेतली. ती दारं लावताना प्रल्हाद प्रत्येक खोलीत जरा जरा रेंगाळला. मी ते बघितलं.

नवा स्टोव्ह बसला आणि नवीच पंचाईत. प्रल्हादनं उन्हाळाभर घाम गाळून जी लाकडं फोडून रचली होती, ती सगळी बंबाच्या मापाची! एकही ओंडका आत जाईना. दार लागेना. "एक साईझ मोठी," मीनाक्षी म्हणाली आणि पोट धरून हसली. ऐन फेब्रुवारीत प्रल्हाद आणि श्रीरंग अंगणात उभे राहून एकेक लाकूड पुन्हा कापत होते. श्रीरंगला मी म्हटलं, "काप आता, तुलाच पटलं होतं ना पीक लोड?" मुकाट्यानं कापत राहिला.

पण काय सांगू तुम्हाला, चार लाकडांत तो चिमुकला स्टोव्ह असा ढणढण पेटायचा! झडप दाबायची गरजच नाही. काच आरशासारखी. आणि ऊब बरोबर सोफ्यापर्यंत आणि त्याच्यापुढच्या दोन खुर्च्यांपर्यंत. त्याच्यापलीकडे गेलात की अंगावर शाल हवी. वर झोपायला जायचं तर धावत जिना चढायचा आणि रजईत उडी मारायची. हे बघून प्रल्हादला घोर लागला. कारण आता मीनाक्षी शाल घेऊन फिरायला लागली होती, पुन्हा दोन दोन मोजे चढले होते. तो पाडव्याच्या तारखेकडे परीक्षेसारखा बघायला लागला. "थंडी वाजते का?" हे विचारायचंही त्यानं सोडून दिलं. न जाणो, हो म्हणाली तर?

पाडव्याला आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो. पोर्चवर गुढी उभारलेली, वारा असा की साखरेची गाठी खांबावर आपटत होती. जेवणं झाली. श्रीखंड बेताचंच केलेलं, चाटून पुसून संपलं. आम्ही स्टोव्हपाशी बसलो. हिमानी फोनवर, स्पीकर लावलेला. तिनं आधीच आई-बाबांसाठी बेलव्ह्यूत, तिच्या घराजवळचा एक काँडो बघून ठेवला होता, एलिव्हेटरवाला, हीटेड फ्लोअरवाला, म्हणजे पायाखालची जमीनच गरम. "आई, सो, व्हॉट्स द व्हर्डिक्ट?"

प्रल्हाद स्टोव्हमध्ये उगाच लाकूड सारखं करायला लागला, ते आधीच सारखं होतं. मला शांतता सहन होत नाही.

"अगं बोल ना मीनाक्षी," मी म्हटलं. "वाजली की नाही थंडी?"

"वाजली," मीनाक्षी म्हणाली. "फेब्रुवारीपासून रोज वाजतेय. वरच्या बाथरूममध्ये तर दात वाजतात."

प्रल्हादनं सळई खाली ठेवली. तोंड पाडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यानं पाडलं नाही, उलट हसायचा प्रयत्न केला. ते हसू बघवत नव्हतं. "ठरलं तर मग," तो म्हणाला. "हिमानी, बेटा, त्या काँडोवाल्याला फोन कर."

"बस खाली," मीनाक्षी म्हणाली. "माझं बोलणं झालेलं नाही."

तो बसला.

"डब्लिनच्या घरात मला एकदाही थंडी वाजली नाही. सगळ्या खोल्या सारख्या गरम. तू वर तुझ्या कॉम्प्युटरपुढं, मी खाली टीव्हीपुढं. जेवण झालं की मी तुला फोन करायचे, प्रल्हाद. त्याच घरातून, त्याच घरात. 'खाली ये, पान वाढलंय.' इतकी वर्षं. आणि तुला त्यात काही वाटायचं नाही, मलाही नाही. इथं दुसऱ्या कुठल्या खोलीत तू बसूच शकत नाहीस. संध्याकाळ झाली की कुडकुडत येतोस आणि इथं माझ्या शेजारी बसतोस. बडबडतोस. तुझ्या त्या पडवीतल्या वळकटीची गोष्ट तू मला या फेब्रुवारीत पहिल्यांदा नीट सांगितलीस, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर."

फोनवरून हिमानी म्हणाली, "आई? सो... नो काँडो?"

"काँडोत हीटेड फ्लोअर आहे म्हणालीस ना?" मीनाक्षी म्हणाली. "सगळ्या खोल्यांत?"

"येस, एव्हरी रूम."

"मग नको," मीनाक्षी म्हणाली, आणि शाल सोडवून तिचं एक टोक प्रल्हादच्या गुडघ्यांवर टाकलं.